पिशवीवस्तीची पेटी

१

ज्या वर्षी माईच्या धाकट्या बहिणीने साठीला टेकल्यावर दुसरं लग्न केलं आणि सगळ्या नातलगांनी तोंडं वाकडी केली, त्याच वर्षी देशात पहिल्यांदा नगरसभेची निवडणूक झाली. बहिणीच्या लग्नात निदान नवरा कोण, हे तिचं तिने ठरवलं होतं. सात नंबरच्या पेटीतल्या माणसांना तेवढंही जमू दिलं नाही.

मोजणी मंगळवारी सकाळी सुरू झाली. सात नंबरची पेटी पिशवीवस्तीची. कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या मागे ही वस्ती, आणि घरोघर धंदा एकच. जुन्या कागदाला खळ लावून पिशव्या करायच्या. कारखान्याचं तपकिरी पाणी वस्तीच्या मधून वाहतं. त्या पाण्याने मुलांच्या अंगावर चट्टे उठतात. कारखान्याचा मालक छत्री चिन्हावर उभा होता. त्याच्यासमोर दवाखान्यातली नर्सबाई, चिन्ह दिवा. पाणी बंद करीन, एवढं एकच तिचं म्हणणं.

"छत्री, तीनशे एक्क्याण्णव," मोजणी कारकून म्हणाला. "दिवा, एकवीस."

मागे उभ्या असलेल्या बाया आधी हसल्या. कारकुनाने उलटं वाचलं असं त्यांना वाटलं. त्याने पुन्हा तेच वाचलं तेव्हा एका म्हातारीने पायातली चप्पल काढली, आणि मग सभागृहात जे झालं ते शिपायांना आवरायला तासभर लागला.

पण आकडे चोख होते. चारशे बारा जणांनी मत दिल्याची नोंद, पेटीत चारशे बारा मतपत्रिका. पेटीवरची लाख अखंड. प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीवर केंद्रप्रमुखाची सही, आणि सही अस्सल.

केंद्रप्रमुख होते प्राथमिक शाळेचे मास्तर. संध्याकाळच्या आत त्यांना निलंबित केलं. पेटीला लाख लागायच्या आधीच काहीतरी झालं असणार, आणि तेव्हा पेटी त्यांच्याच ताब्यात होती, असा सरळ हिशेब.

कारखान्याच्या मालकाने त्याच दिवशी मिठाई वाटली. नर्सबाईंच्या दवाखान्यातही एक पुडा पाठवला.

२

माईने सव्वीस वर्षं बायकांच्या तुरुंगात पहारा केला होता. निवडणुकीच्या तक्रार समितीत एक बाई हवी असा नियम होता, म्हणून तिला बोलावलं. समितीत आणखी दोघे. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष होते आणि गुरांचे डॉक्टर सभासद. डॉक्टर खुर्चीत बसले की पाचव्या मिनिटाला मान टाकत.

समितीची खोली नगरसभेच्या वरच्या मजल्यावर. खिडकी उघडली की कारखान्याच्या नाल्याचा वास थेट घशात उतरे. बंद केली की अध्यक्षांच्या अंगाचा. माईने पहिल्या दिवशी खिडकी उघडीच ठेवली.

"माई, आधी एक काम उरकू," अध्यक्ष काडीने दात कोरत म्हणाले. त्यांनी तीन कोरे कागद पुढे सरकवले. "खाली सही करा. अहवाल टाईप झाला की यावरच उमटवू. शेवटी धावपळ नको."

डॉक्टरांनी केली. माईनेही केली. तिला घरी जाऊन बहिणीला पत्र लिहायचं होतं.

दारातच एक तरुण गृहस्थ उभे होते. गळ्यात फितीला लटकवलेलं ओळखपत्र, त्यावर हसरा फोटो. बाहेरच्या देशांच्या मदतीने चाललेल्या लोकशाही बळकटीकरण केंद्राचे ते प्रशिक्षक. मतदारांना मत कसं द्यायचं आणि अधिकाऱ्यांना पेटी कशी लावायची, ते शिकवत. वस्तीने त्यांचं नाव बिल्लेवाला ठेवलं होतं.

"घ्या माई, आमची पत्रिका," त्यांनी एक घडी केलेला कागद हातात दिला. वर लिहिलं होतं, 'माझं मत, माझा आवाज'. खाली चार माणसं एवढी हसत होती की दाढा दिसत होत्या.

माईने ती पत्रिका चष्म्याच्या घरात कोंबली. चष्म्याला ओरखडे पडू नयेत म्हणून तिला असं काहीतरी लागायचंच.

"मास्तरांचं वाईट झालं," बिल्लेवाला म्हणाला. "चांगला माणूस. पण व्यक्ती कमजोर असली की संस्था काय करणार?"

माईला लिहायला-वाचायला त्याच मास्तरांनी शिकवलं होतं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तुरुंगाच्या कोठाराशेजारच्या खोलीत. सही गिरवून घेताना ते म्हणायचे, "वाचल्याशिवाय कुठेही उमटवायची नाही. सही म्हणजे तुमचं तोंड." अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, म्हणून माईच्या नेमणुकीला कोणी हरकत घेतली नाही.

ती जिना उतरायला लागली आणि मधल्या पायरीवर थबकली. आपण आत्ताच वर काय करून आलो, ते तिच्या मनात टोचलं. पण नेमकं काय टोचतंय ते कळेना.

३

दुसऱ्या दिवशी तिने पेटी मागवली. नगरसभेचा कोठारप्रमुख ती घेऊन आला. जाडजूड, घामट माणूस. लाखेचं काम त्याच्याकडेच, त्यामुळे नखांत लाल लाख कायमची भरलेली. ते हात पाहून कोणी त्याच्या हातचा चहा घेत नसे.

"मतपत्रिका मोजून झाल्यात," तो म्हणाला. "पुन्हा कशाला?"

"मी मोजत नाही. बघते."

तुरुंगात माईने हजारो चिठ्ठ्या पकडल्या होत्या. केसांत, भाकरीत, कुठेकुठे लपवलेल्या, ते सांगण्यासारखं नाही. अक्षर तिला येत नव्हतं त्या काळात ती घडीवरून बाई ओळखायची. माणूस अक्षर बदलतो, घडी बदलत नाही.

मोजणीच्या वेळी मतपत्रिका उलगडून गठ्ठे बांधले होते, पण मुडप बसलेली जात नाही. माईने गठ्ठे सोडले. डॉक्टरांना हलवून जागं केलं आणि म्हणाली, "डॉक्टर, दोन ढीग करायचेत. मदत करा."

"कसले ढीग?"

"हे बघा." तिने एक मतपत्रिका दाखवली. तीन पट्ट्यांची घडी, नखाने दाबलेली, आणि शेवटी एक कोपरा आत खोचलेला. "पिशवीचं बूड असं करतात. कोपरा खोचला की आपोआप उघडत नाही. आणि वास घ्या."

डॉक्टरांनी वास घेतला आणि नाक मुरडलं. आंबलेल्या खळीचा वास.

"वस्तीत बाया काय, पुरुष काय, सगळ्यांची बोटं अशीच," माई म्हणाली. "आता ही बघा."

दुसरी मतपत्रिका स्वच्छ होती. दोन घड्या, उभी आणि आडवी, सुरीने कापावी तशी सरळ. वास नाही, डाग नाही.

दोघांनी दुपारपर्यंत ढीग लावले. खळीच्या वासाच्या चाळीस निघाल्या. दिव्याच्या एकवीसच्या एकवीस त्यांत होत्या, आणि छत्रीच्या एकोणीस. स्वच्छ निघाल्या तीनशे बहात्तर, सगळ्या छत्रीच्या.

"म्हणजे खरी मतं चाळीसच?" डॉक्टरांची झोप पार उडाली.

"चाळीस ठेवली. बाकीची काढून या टाकल्या." माईने एक स्वच्छ मतपत्रिका उजेडात धरली. आडव्या घडीवर एका ठिकाणी कागदाला बारीकशी चीर होती, तांदळाच्या दाण्याएवढी. तिने दुसरी धरली. चीर तिथेच. तिसरी, चौथी, दहावी. तिथेच.

कोठारप्रमुख दारात उभा होता. तो कधीपासून ऐकत होता कोण जाणे. माईने वर पाहिलं तेव्हा तो कपाळाचा घाम पुसत जिन्याकडे वळला होता.

४

मास्तर शाळेच्या ओट्यावर बसले होते. निलंबित माणसाला आत जायला मनाई होती, म्हणून ते रोज शाळेच्या वेळेला येऊन बाहेर बसत. आतून पाढे ऐकू आले की चुकलेल्या ठिकाणी त्यांचे ओठ हलत. चेहरा मेणासारखा झाला होता आणि डावा हात सारखा छातीवर जात होता.

"मास्तर, औषध घेता का?"

"घेतो. तू विचार, काय विचारायचं ते."

"मतदानाच्या दिवशी काय झालं?"

मास्तर जरा हसले. "अगं, पेटीची फट चोंदायची. या बाया घडी अशी जाड करायच्या की आत जाईना. बिल्लेवाल्याने सरावाच्या दिवशी कंठशोष करून सांगितलं होतं, दोनच घड्या, दोनच घड्या. एक म्हातारी त्याला म्हणाली, 'बाळा, मी साठ वर्षं कागद मुडपते, तू मला शिकवतोस?' शेवटी मी लाकडी पट्टीने एकेक आत ढकलत होतो."

"पेटीला लाख कोणासमोर लावली?"

"नर्सबाईच्या नणंदेसमोर. ती दिवसभर हलली नाही."

नणंदेने माईला आधीच सांगितलं होतं, "मी लघवीलासुद्धा उठले नाही हो! लाख थंड होईपर्यंत फुंकर मारली मी तिच्यावर!" पण ती उमेदवाराची नातलग, म्हणून तिचं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं.

"आणि सह्या?" माईने विचारलं. "मतपत्रिकेच्या पाठीवरच्या?"

मास्तरांचा हात छातीवर गेला. "मीच केल्या. नियमाप्रमाणे. एकेक मतदार समोर आल्यावर."

"चारशे बारा?"

"चारशे बारा."

ते तिच्याकडे बघत नव्हते. पाढे चुकणाऱ्या वर्गाकडे बघत होते. माईने सव्वीस वर्षं खोटं ऐकलं होतं. चोरीचं खोटं वेगळं असतं आणि लाजेचं वेगळं. हे लाजेचं होतं, पण होतं खोटंच. ज्याला सोडवायला ती निघाली होती, तोच तिच्याशी खोटं बोलत होता.

५

लोकशाही बळकटीकरण केंद्राची खोली थंडगार, आणि तिथे सुगंधी फवारा मारलेला. नाल्याचा वास येऊ नये म्हणून. दोन्ही वास मिसळून जे होत होतं त्याने माईने पदर नाकाला लावला. भिंतीवर हसऱ्या दाढांचे फलक. टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे.

"बसा ना माई! चहा? थंड काही?"

"काही नको. एवढ्या पत्रिका कोण मुडपतं हो?"

"मीच! इथली माणसं वाकड्यातिकड्या करतात. हे बघा." त्याने पाच कागद एकत्र घेतले, पोलादी पट्टी ठेवली, एका झटक्यात घडी दाबली. मग आडवी. "एका वेळी पाच. तासाला हजार. आता बढतीवर दुसऱ्या देशात चाललोय, तिथेही हेच शिकवणार."

"हात सफाईदार आहे तुमचा."

बिल्लेवाला खूश झाला. "सगळी शिस्तीची गोष्ट आहे. या लोकांना अजून शिस्त नाही. लोकशाही इथे रांगतेय अजून."

"रांगणाऱ्या मुलाला किती दिवस उचलून घ्यायचं?"

"पडू नये म्हणून धरावंच लागतं," तो हसून म्हणाला. ओळखपत्रावरच्या फोटोत होतं तेच हसू.

माईने चष्मा पुसायला घर उघडलं. पहिल्या दिवशी कोंबलेली पत्रिका बाहेर आली. तिने ती सहज उलगडून खिडकीकडे धरली. हसऱ्या माणसांच्या दाढांवर, आडव्या घडीत, तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती.

तिने टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं. पट्टीच्या कडेचा एक टवका उडून तिथे बारीक टोक निघालं होतं.

"काय झालं माई?"

"काही नाही. वास सहन होत नाही मला," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

६

घड्या कोणी घातल्या ते कळलं. पण लाख अखंड होती, कोठाराला कुलूप होतं आणि सह्या मास्तरांच्या होत्या. नुसत्या चिरेवर कोणी निकाल फिरवणार नव्हतं.

कोठारावर पहारा करणारा हवालदार पायऱ्यांवर बसून शेंगा सोलत होता.

"रविवारी मतदान, मंगळवारी मोजणी," माई म्हणाली. "सोमवारी कोण आलं होतं?"

"कोणी नाही. कोठार बंद होतं."

"आठव."

"बिल्लेवाले साहेब आले होते, पण ते काय 'कोण' नव्हेत." हवालदाराने सालं झटकली. "पेट्यांवर केंद्राची चित्रं चिकटवायची होती. फोटो काढणार होते म्हणे, बाहेरच्या देशात पाठवायला. कोठारप्रमुखांनी उघडून दिलं."

"किती वेळ?"

"जेवणानंतर गेले. मी चहाला दोनदा जाऊन आलो तरी आतच."

"पेट्या किती?"

"आठ."

"आठ चित्रं चिकटवायला अख्खी दुपार लागली?"

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं. मग शेंगांकडे. "आक्का, मी शिपाई माणूस. वरच्यांनी उघडलं, वरचे गेले. मला काय विचारता? खोकी घेऊन आले होते, खोकी घेऊन गेले."

लाखेवर उमटवायचा पितळी शिक्का रविवारी संध्याकाळीच मास्तरांनी नियमाप्रमाणे कोठारप्रमुखाकडे जमा केला होता. म्हणजे लाख फोडायला आणि पुन्हा लावायला हातात सगळं होतं. नवीन मतपत्रिका कुठून आल्या, त्यांवर मास्तरांची सही कशी आली, एवढंच उरलं.

तेवढ्यात अध्यक्षांचा निरोप आला. अहवाल टाईप झालाय. मास्तर दोषी. परवाच्या जाहीर सुनावणीत वाचून दाखवायचा.

माई पळतच वर गेली. "मी अजून काही बोललेच नाही! मी सही करणार नाही याच्यावर!"

अध्यक्षांनी दातांतली काडी काढली आणि तिचं टोक निरखलं. "सही तुम्ही पहिल्याच दिवशी केलीय, माई."

७

ती खुर्चीत बसून राहिली. अहवालाच्या तिसऱ्या पानाखाली तिची सही होती. वळणदार, मास्तरांनी गिरवून घेतलेली. तिला स्वतःचीच शिसारी आली. असल्या खोलीत बसून, असल्या माणसाच्या हातात तिने आपलं तोंड काढून दिलं होतं. शेवटी धावपळ नको म्हणून.

धावपळ नको म्हणून!

पहिल्या दिवशी जिन्यात काय टोचलं होतं, ते आता कळलं. ती तशीच उठून शाळेकडे गेली. मास्तर ओट्यावरच होते.

"मास्तर, मी कोऱ्या कागदावर सही केली," ती म्हणाली. "तीन कागदांवर. तुम्ही शिकवलं होतं तरी केली. आता त्यावर तुम्हाला दोषी ठरवलंय."

आतले पाढे थांबले. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मीही केली," ते म्हणाले. "मतदानाच्या आधी. प्रशिक्षणाच्या दिवशी बिल्लेवाला म्हणाला, 'मास्तर, समोर रांग असेल, तुमची तब्येत बरी नसते. सगळ्या मतपत्रिकांवर आजच सह्या करून ठेवा.' शंभराच्या आठ वह्या. आठशे सह्या मी एका बैठकीत केल्या. हात दुखला."

"आणि उरलेल्या?"

"मतदान संपल्यावर उरलेल्यांवर काट मारायची असते, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, 'तुम्ही दमलात. कोठारात काट मारतील.' मी तशाच दिल्या. मी हे कोणाला कसं सांगू, माई? अख्ख्या गावाला मी..."

"तोंड," माई म्हणाली. "सही म्हणजे तोंड. माहीत आहे."

आठशेतून चारशे बारा गेल्या. तिने ओट्यावर बोटाने आकडे काढले, जसे ती शिकताना काढायची. शेवटचा आकडा आला तेव्हा ती जरा थांबली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं.

८

जाहीर सुनावणीला पिशवीवस्ती अख्खी आली होती. सभागृहात खळीचा वास भरला. पहिल्या रांगेत बिल्लेवाला, त्याच्या मागे कोठारप्रमुख. मास्तर दाराशी खुर्चीवर.

अध्यक्षांनी अहवाल हातात घेतला. माई उठली.

"वाचण्याआधी मला एक गुन्हा कबूल करायचाय," ती म्हणाली. "या अहवालाखाली माझी सही आहे ती मी पहिल्याच दिवशी केली. कोऱ्या कागदावर. डॉक्टरांनीही केली. तेव्हा त्यात काय लिहिलंय ते आमचं नाही."

"माई, खाली बसा!"

"खरंय ते," डॉक्टर म्हणाले. ते टक्क जागे होते.

मागून कोणीतरी शिट्टी मारली. माईने दोन मतपत्रिका आणि ती पत्रिका वर धरली आणि घड्यांचं सगळं सांगितलं. खोचलेला कोपरा, खळीचा वास, चाळीस आणि तीनशे बहात्तर. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. चप्पलवाली म्हातारी ओरडली, "माझी कुठेय? मी दोन कान खोचले होते!"

"तुमची यात नाही, आजी. काढून टाकली." माई बिल्लेवाल्याकडे वळली. "तुमची पट्टी दाखवा."

तो हसला. "एका पट्टीवरून? अशा पट्ट्या बाजारात शंभर मिळतात."

"बरं. पट्टी राहू दे." माई कोठारप्रमुखाच्या समोर जाऊन उभी राहिली. "उरलेल्या सह्या केलेल्या मतपत्रिकांचं काय झालं?"

"भिजल्या. लगदा करून टाकला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आठशेतून चारशे बारा गेल्या. उरल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी. पेटीत बाहेरून टाकल्या तीनशे बहात्तर. खऱ्या मतांतली चाळीस ठेवायची, म्हणून तेवढ्याच लागल्या. म्हणजे सोळा जास्त झाल्या." तिने आवाज खाली आणला. "तुरुंगात मी एक पाहिलंय. दोघी मिळून चोरी करतात तेव्हा धाकटी नेहमी काहीतरी लपवून ठेवते. उद्या थोरलीने अंग काढून घेतलं तर दाखवायला. साहेब परवा दुसऱ्या देशात चाललेत. बढतीवर. तुम्हाला बरोबर नेणार आहेत का?"

कोठारप्रमुखाने बिल्लेवाल्याच्या मानेकडे पाहिलं. ती मान वळली नाही. फितीची गाठ सरळ करत तो समोर बघत राहिला.

"त्यांनी सांगितलं होतं की मला मुदतवाढ मिळेल," कोठारप्रमुख म्हणाला. "काल विचारलं तर म्हणाले, कसली मुदतवाढ?"

लाख भरलेल्या बोटांनी त्याने सदऱ्याच्या आतून एक पाकीट काढलं. घामाने ओलं झालेलं. माईने ते दोन बोटांत धरून उघडलं. आत वहीचा शेवटचा तुकडा होता, स्थळप्रतींसकट. सोळा कोऱ्या मतपत्रिका. प्रत्येकीच्या पाठीवर मास्तरांची सही.

"शिक्का मी दिला, लाख मी लावली," कोठारप्रमुख बोलतच सुटला. "घड्या त्यांनी घातल्या. खरी मतं त्यांच्या खोक्यातून गेली."

बिल्लेवाला उठला. अजून हसतच होता, पण आता ते हसू चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं दिसत होतं.

"समजून घ्या," तो म्हणाला. "ती बाई निवडून आली असती तर कारखाना बंद. मग दंगल. मग आमचा प्रकल्प बंद, आणि तुमच्या निवडणुकाही. लोकशाहीची सुरुवात आहे, चुकीच्या माणसापासून नको व्हायला. आम्ही ती वाचवलीय. तुमच्याच भल्यासाठी."

"मी सव्वीस वर्षं चोरट्या सांभाळल्या," माई म्हणाली. "खुनी सांभाळल्या. एकीनेही मला 'तुझ्या भल्यासाठी केलं' असं सांगितलं नाही. त्या तुमच्यापेक्षा स्वच्छ होत्या."

आणि ती खिडकीपाशी गेली. नाल्याचा वास तिला पहिल्यांदाच बरा वाटला.

९

सात नंबरच्या पेटीचं मतदान पुन्हा झालं, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, मास्तरांच्याच शाळेत. नवा केंद्रप्रमुख वैतागून गेला, कारण पेटीची फट सारखी चोंदत होती. मास्तरांना आत जायला मनाई होती. त्यांनी ओट्यावरून आपली लाकडी पट्टी आत पाठवून दिली. दिव्याला चारशे तीन मतं पडली, छत्रीला वीस.

कोठारप्रमुख नोकरीतून गेला. बिल्लेवाल्यावर खटला झाला नाही. केंद्राने त्याला परत बोलावून घेतलं, आणि पुढच्या वर्षी माईने वर्तमानपत्रात त्याचा फोटो पाहिला. कुठल्यातरी दुसऱ्या नव्या देशात तो मतदारांना घडी घालायला शिकवत होता. तिने ते पान दुमडलं आणि वस्तीत पिशव्यांसाठी देऊन टाकलं.

मास्तर निर्दोष असल्याचा हुकूम मात्र निघत नव्हता. त्यावर अध्यक्षांची सही लागत होती. कोऱ्या कागदावर एका मिनिटात सह्या मागणाऱ्या त्या माणसाला, लिहिलेल्या कागदावर एक सही करायला जवळजवळ तीन महिने लागले. माई दर आठवड्याला जायची. साहेब जेवायला गेलेत. साहेब बाहेरगावी गेलेत. साहेब वाचताहेत.

"वाचताहेत ना?" मास्तर म्हणायचे. "मग बरं. वाचल्याशिवाय करू नये."

हुकूम सोमवार, पंधरा मार्चला निघाला. मास्तर त्याआधीच्या गुरुवारी, अकरा मार्चला, दुपारी शाळा सुटायच्या वेळेला, ओट्यावर बसल्या जागी वारले.